मिळालेलं तारण हातचं जातं का?

या वेळी एकाच विषयावरची, तारणावरची म्हणजे पापातून होणाऱ्या सुटकेवरची, पत्रं घेतली आहेत. ती निरनिराळ्या मंडळ्यांतून आली आहेत. उत्तरं देताना प्रत्येक मंडळीचं मत शक्यतो तिने स्वतः अधिकृतपणे छापलेल्या मतपत्रकावरून सांगितलं आहे. एखादा उपदेशक व्यासपीठावरून जे बोलतो ते त्या मंडळीचं मत असतंच असं नाही, आणि निम्मा गोंधळ तिथेच सुरू होतो.

प्रश्न: आमचं घर चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं, म्हणजे सीएनआयचं. सून वसईची कॅथलिक, धाकटा मुलगा पुण्यात पेंटेकॉस्टल मंडळीत जातो आणि माझा भाऊ ब्रदरन सभेत. नाताळच्या जेवणावर वाद पेटला. भाऊ म्हणतो, एकदा तारण झालं की झालं. मुलगा म्हणतो, जाऊ शकतं. सून म्हणते, तारण ‘झालं’ असं जिवंतपणी कोणी म्हणूच कसं शकतं? यांत बरोबर कोण, आणि आमच्या सीएनआयचं मत काय? — एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर: तिघांच्या तोंडी शब्द एकच आहे, पण बोट तीन ठिकाणी आहे. नव्या करारात तारणाची भाषा तिन्ही काळांत येते. इफिसकरांस पत्रात (२:८) तारण झालेलं आहे, करिंथकरांस पहिल्या पत्रात (१:१८) ते होत आहे आणि रोमकरांस पत्रात (५:९) ते होणार आहे. तुमचा भाऊ पहिल्या काळात बोलतो, सून तिसऱ्या काळात आणि मुलगा मधल्या. त्यामुळे वादाला बसण्याआधी एक गोष्ट ठरवून घ्यावी: जे जातं किंवा जात नाही म्हणता, ते नेमकं काय?

ब्रदरन सभेत ‘तारण’ म्हणजे नवा जन्म. तो एकदाच होतो. मूल घर सोडून पळालं तरी मूलच राहतं, हा त्यांचा नेहमीचा दाखला. वचन बहुधा योहान १०:२८-२९ काढतात: मेंढरांना मेंढपाळाच्या हातातून कोणी हिसकावू शकत नाही. पेंटेकॉस्टल माणूस यावर म्हणेल, हिसकावणं वेगळं आणि मेंढराने आपणहून उडी मारणं वेगळं. तो योहान १५:६ काढेल. वेलीत न राहिलेला फाटा बाहेर टाकला जातो, वाळतो आणि जळतो, असं तिथे येशूच सांगतो. असेंब्लीज ऑफ गॉड या मोठ्या पेंटेकॉस्टल संघाने बिनशर्त सुरक्षिततेचं मत अधिकृतपणे नाकारलं आहे. पुण्यातल्या स्वतंत्र मंडळ्यांत मात्र पाळकागणिक मत बदलतं, तेव्हा मुलाच्या मंडळीचं मतपत्रक मागून पाहा.

सुनेची भाषा तिसरीच. कॅथलिक शिकवणीत स्नानसंस्काराने (बाप्तिस्म्याने) माणसाला पवित्र करणारी कृपा मिळते, तो कृपेच्या अवस्थेत येतो. महापापाने ही अवस्था जाते. अंतिम तारण ठरतं ते मृत्यूच्या क्षणी माणूस कोणत्या अवस्थेत आहे त्यावरून. ट्रेंटच्या परिषदेने १३ जानेवारी १५४७च्या बैठकीत हे पक्कं केलं: एकदा नीतिमान ठरलेला माणूस कृपा गमावूच शकत नाही, असं म्हणणाऱ्याला परिषदेने शापित ठरवलं. मी शेवटपर्यंत टिकणारच अशी पूर्ण खात्री विशेष प्रकटीकरणाशिवाय कोणाला असू शकत नाही, हेही तिथेच म्हटलं आहे. म्हणजे सून तिच्या मंडळीशी प्रामाणिक आहे. पण त्याच परिषदेची एक बारकाई अनेक कॅथलिकांनाही ठाऊक नसते. महापापाने कृपा जाते, विश्वास मात्र प्रत्येक वेळी जातोच असं नाही. विश्वास जातो तो विश्वासच नाकारल्याने.

आता सीएनआय. या प्रश्नावर तुमच्या मंडळीचं एक ठरीव मत नाही, आणि त्याला कारण आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन सीएनआय झाली. त्यांत अँग्लिकन होते, बॅप्टिस्ट होते, ब्रिटिश परंपरेतले मेथडिस्ट होते आणि युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियाही होती, जिच्यात प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल आधीच मिसळले होते. तुमच्या शहरात १८३१पासून काम केलेलं अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल, म्हणजे मुळात सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन याच्या, ‘तारण जात नाही’ म्हणणाऱ्या घराण्यातलं. मेथडिस्टांचा जॉन वेस्ली या मुद्द्यावर कॅल्विनवाद्यांशी आयुष्यभर भांडला. ही दोन्ही घराणी एका छपराखाली आणायची तर भांडणाचा विषय दाराबाहेर ठेवावाच लागतो. सीएनआयने आधाराला शास्त्र घेतलं, प्रेषितांचा मतांगीकार (म्हणजे विश्वासाचं जुनं निवेदन) घेतला आणि निकियाचा मतांगीकार घेतला. तारण जातं का, यावर हे दोन्ही मतांगीकार चकार शब्द काढत नाहीत. तेव्हा सीएनआयचे दोन पाळक दोन उत्तरं देऊ लागले तर त्यांतला एक चुकला असं समजू नका.

अँग्लिकनांकडे ही संदिग्धता फार जुनी आहे. त्यांच्या एकोणचाळीस कलमांपैकी सोळावं म्हणतं की पवित्र आत्मा मिळाल्यानंतरही आपण कृपेपासून दूर जाऊन पापात पडू शकतो आणि देवाच्या कृपेने पुन्हा उठू शकतो. १६०४मध्ये हॅम्प्टन कोर्टच्या बैठकीत कॅल्विनकडे झुकलेल्या प्युरिटन पक्षाने मागणी केली की ‘पण पूर्णपणे नव्हे आणि कायमचं नव्हे’ असे शब्द तिथे जोडावेत. मागणी फेटाळली गेली. त्या न जोडलेल्या चार-सहा शब्दांवर पुढे शतकानुशतकं वाद चालले. १७८४मध्ये वेस्लीने अमेरिकन मेथडिस्टांसाठी ही कलमं छाटली, तेव्हा सोळावं ठेवलं (ते बारावं झालं) आणि देवाच्या पूर्वनिवडीविषयीचं सतरावं सरळ उडवलं. मेथडिस्टांचं मत काय, हे त्या कात्रीवरूनच कळतं.

बाकीचा नकाशा ढोबळ सांगतो. तारण जात नाही म्हणणारे: प्रेस्बिटेरियन व इतर रिफॉर्म्ड (म्हणजे कॅल्विनच्या घराण्यातले), बहुतेक बॅप्टिस्ट, ब्रदरन. (१८०५मध्ये मराठीचं व्याकरण छापणारे विल्यम केरी याच कॅल्विनवादी बॅप्टिस्टांपैकी. मात्र फ्री विल बॅप्टिस्ट नावाची शाखा उलट टोकाला आहे.) जाऊ शकतं म्हणणारे: कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, मेथडिस्ट, नाझरीन, मुक्तिफौज, बहुतेक पेंटेकॉस्टल, सेव्हन्थ डे अॅडव्हेंटिस्ट. आणि लूथरन. प्रोटेस्टंट म्हणजे ‘जात नाही’ म्हणणारे, या समजामुळे लूथरनांचं नाव हमखास चुकीच्या रांगेत पडतं. त्यांच्या १५३०च्या आउग्सबुर्ग मतपत्रकाचं बारावं कलम, एकदा नीतिमान ठरलेला माणूस पवित्र आत्मा गमावू शकत नाही असं म्हणणाऱ्यांचा उघड निषेध करतं. दावीद राजा व्यभिचारात आणि खुनात पडला तेव्हा त्याच्या ठायी विश्वास उरला नव्हता, असं खुद्द लूथरने लिहिलं आहे.

प्रश्न: यूट्यूबवर एक उपदेशक ठासून सांगतो, ‘एकदा विश्वास धरलात की पुढे काहीही करा, स्वर्ग पक्का.’ आमच्या पाळकांना विचारलं तर म्हणाले, ही कॅल्विनची शिकवण. आमच्याकडे तर प्रार्थनेला पहिल्या बाकावर बसणाऱ्या एकाने बांधकाम निधीचे पैसे खाल्ले. मग त्याचाही स्वर्ग पक्का? — कॉलेजविद्यार्थी, नाशिक

उत्तर: पाळकांनी घाई केली. त्या उपदेशकाची शिकवण कॅल्विनच्या घराण्यात कोणी चालवून घेणार नाही.

रिफॉर्म्ड मत पक्कं झालं ते नेदरलंड्समधल्या डॉर्ट गावच्या महासभेत. ही सभा १३ नोव्हेंबर १६१८ ते ९ मे १६१९ अशी चालली. कॅल्विन १५६४मध्येच वारला होता. १६१०मध्ये कॅल्विनवाद्यांशी न पटलेल्या आर्मिनियस या डच धर्मपंडिताच्या अनुयायांनी पाच कलमं मांडली होती, त्यांना उत्तर देणं हे सभेचं काम. गंमत अशी की त्या पाचव्या कलमात ‘विश्वासणारा पूर्णपणे पडू शकतो का’ या प्रश्नावर त्यांनी नकार किंवा होकार काहीच दिला नव्हता. शास्त्रातून आणखी तपासायला हवं, एवढंच लिहिलं होतं. ‘पडू शकतो’ ही त्यांची भूमिका नंतर ठाम झाली.

डॉर्टने काय लिहिलं ते पाहा. खरे विश्वासणारेही गंभीर पापांत पडू शकतात. नावं दिली आहेत दावीद आणि पेत्राची. अशा पापाने ते देवाचा रोष ओढवून घेतात, पवित्र आत्म्याला दुःख देतात, स्वतःच्या विवेकाला जखम करतात आणि काही काळ कृपेची जाणीवही गमावतात. पण देव आपला आत्मा त्यांच्यातून पूर्णपणे काढून घेत नाही. तो त्यांना पश्चात्तापापर्यंत परत आणतोच. या शिकवणीचं नाव आहे ‘पवित्र जनांचं शेवटपर्यंत टिकणं’. नावातच अट आहे. टिकायचं माणसाला असतं, टिकवणारा देव असतो. जो टिकला नाही आणि परतही आला नाही, त्याच्याबद्दल रिफॉर्म्ड माणूस १ योहान २:१९ वाचून म्हणेल: तो आपल्यातला कधी नव्हताच.

यूट्यूबवरचं मत निराळं आहे. ते विसाव्या शतकातल्या अमेरिकेत फोफावलं. विश्वासाचा एक क्षण पुरतो. नंतर फळ दिसो न दिसो, इतकंच काय, विश्वासही उरो न उरो, असं ते सांगतं. तुमच्यासमोरचा उपदेशक कोणत्या मताचा आहे हे ओळखायला एकच प्रश्न पुरतो: ‘मनापासून विश्वास धरलेला माणूस पुढे ख्रिस्ताला साफ नाकारून तसाच मेला तर?’ ‘त्याचा विश्वास मुळात खरा नव्हता’ असं उत्तर आलं तर तो रिफॉर्म्ड. ‘खरा होता, पण गमावला’ म्हणाला तर तो वेस्लीच्या बाजूचा. ‘तरीही स्वर्गात जाईल’ असं म्हणाला तर तो तुमचा यूट्यूबवाला.

निधी खाल्लेल्या माणसाबद्दल पहिले दोघेही एकच सांगतील: पश्चात्ताप कर आणि पैसे परत दे. हिशेब तपासणं, त्याला जबाबदारीवरून दूर करणं आणि गरज पडली तर पोलिसांत जाणं, ही मंडळीची कामं तारणाच्या वादावर अडून राहत नाहीत. ‘त्याचं तारण झालंय, आपण कोण न्याय करणार’ असं म्हणून कोणी हिशेबाची वही मिटत असेल तर तो शास्त्राचा आडोसा घेतो आहे.

दोन्ही बाजूंचं दुखणं कुठे आहे तेही सांगायला हवं. वेस्लीच्या घरातला हळवा माणूस रोज रात्री स्वतःला विचारतो, आज गेलं तर नाही ना? त्यावर उपाय म्हणून ‘जात नाही’ ही शिकवण मोठ्या दिलाशाने सांगितली जाते. पण कॅल्विनच्या घरातला तितकाच हळवा माणूस विचारतो, माझ्याकडे ते खरंच होतं ना? प्रेस्बिटेरियनांच्या वेस्टमिन्स्टर मतपत्रकाला सतराव्या प्रकरणात ‘टिकण्या’विषयी सांगून झाल्यावर लगेच अठरावं प्रकरण ‘खात्री’वर लिहावं लागलं. खऱ्या विश्वासणाऱ्यालाही खात्रीसाठी बराच काळ झगडावं लागू शकतं, हे तिथे मान्य केलं आहे. आमच्या मते ही शिकवण धाकधूक घालवत नाही, तिची जागा बदलते. लूथरन पाळक अशा माणसाला आत डोकावायलाच सांगत नाही. तुझा बाप्तिस्मा झालाय, पापक्षमेचे शब्द तू कानांनी ऐकलेस, त्यांवर टेक, असं तो सांगतो. अति विचार करणाऱ्या माणसाला आम्ही तरी याच दाराने पाठवू.

प्रश्न: अकरा वर्षं दारूत गेली, मंडळी सुटली. दोन वर्षांपूर्वी दारू सोडली. परत यायचं म्हटलं तर एका वडीलधाऱ्यांनी इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय दाखवला: एकदा पडलेल्याला पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य. माझं दार बंद झालं का? — एक वाचक, श्रीरामपूर

उत्तर: नाही. एकाही मोठ्या मंडळीच्या शिकवणीत तुमच्यासाठी दार बंद नाही. वचन कडक आहे, पण ते तुमच्या दारूवर बोलत नाही.

६:४-६ नीट पाहू. मूळ ग्रीकमध्ये ‘अशक्य’ हा शब्द आधी येतो, मग एकामागून एक पाच धातुसाधितं. ही रचना मराठीत इंग्रजीपेक्षा छान उतरते: प्रकाशित झालेले, स्वर्गीय दान चाखलेले, पवित्र आत्म्याचे भागीदार झालेले, देवाचं वचन चाखलेले आणि मग पडलेले. पाचव्या शब्दात ‘जर’ नाही. १६११च्या इंग्रजी बायबलात ‘जर ते पडले’ असा ‘जर’ घातला गेला आणि त्यावरून हा केवळ काल्पनिक इशारा आहे, असा अर्थ काढणं सोपं झालं. ग्रीक त्या अर्थाला फारशी मदत करत नाही.

मग रिफॉर्म्ड बाजू काय म्हणते? ती ‘चाखलेले’ या शब्दावर बोट ठेवते: चाखणं म्हणजे गिळून पचवणं नव्हे. पुढच्याच दोन वचनांत एकाच पावसाखालच्या दोन जमिनी आहेत, एकीत पीक येतं आणि दुसरीत काटे. नवव्या वचनात लेखक वाचकांना म्हणतो, तुमच्याबद्दल आम्हांला याहून चांगल्याची खात्री आहे. मेथडिस्ट आणि कॅथलिक म्हणतात, पवित्र आत्म्याचा भागीदार झालेल्याला नुसता ‘चाखणारा’ म्हणणं ही ओढाताण आहे. इथे आम्हांला दुसऱ्या बाजूचं वाचन जास्त सरळ वाटतं. पण ‘पडणं’ म्हणजे काय, हे त्याच वाक्यात सांगितलं आहे: देवाच्या पुत्राला पुन्हा वधस्तंभावर खिळणं आणि त्याची उघड नालस्ती करणं. ज्यांना हे पत्र लिहिलं त्यांची मालमत्ता लुटली गेली होती, निंदा झाली होती (१०:३२-३४), आणि ख्रिस्ताला जाहीर सोडून द्यायचा मोह त्यांच्यासमोर होता. सवयीला बळी पडणं ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. आणखी एक: अशक्य आहे ते पश्चात्तापाकडे आणणं. तुम्ही पश्चात्ताप करूनच दारात उभे आहात.

तुमचे वडीलधारे जे बोलले ते तिसऱ्या शतकात रोमच्या नोव्हाटियनने बोलून पाहिलं होतं. इ. स. २५०च्या सुमारास सम्राट डेसियसने सगळ्यांना दैवतांपुढे बळी देऊन तसा दाखला घ्यायला लावलं. हे दाखले पपायरसवर लिहिलेले असत आणि इजिप्तच्या वाळूत असे कित्येक सापडले आहेत. अनेक ख्रिस्ती लोकांनी जिवाच्या भीतीने बळी दिला, काहींनी लाच देऊन नुसता दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर ते परत आले. नोव्हाटियन म्हणाला, यांना घ्यायचं नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि बाकीची मंडळी म्हणाली, घ्यायचं, पण पश्चात्तापाच्या शिस्तीतून. ३२५मध्ये निकियाच्या परिषदेने अकराव्या नियमात, कुठलाही जुलूम नसताना पडलेल्यांसाठीही मुदत ठरवली: तीन वर्षं नुसतं ऐकणाऱ्यांत बसायचं, सात वर्षं गुडघे टेकणाऱ्यांत, दोन वर्षं प्रार्थनेत सहभाग पण प्रभुभोजन नाही. एकूण बारा. आणि मरणाच्या दारातल्या माणसाला मात्र प्रभुभोजन नाकारायचं नाही, असा तेरावा नियम. शिस्त कडक होती, दार उघडंच होतं.

आज एवढी वर्षं कोणी थांबवत नाही. प्रोटेस्टंट मंडळीत असाल तर रविवारच्या गर्दीत नव्हे, आठवड्यात वेळ घेऊन पाळकांना भेटा. काय घडलं ते सांगा, प्रभुभोजनाला कधीपासून यायचं ते विचारा. नाव यादीतून काढलेलं असू शकतं, ते पुन्हा घालायची रीत मंडळीगणिक वेगळी असते. कॅथलिक असाल तर प्रायश्चित्त संस्कार. प्रभुभोजनातला द्राक्षारस मद्ययुक्त असेल तर आधीच सांगून ठेवा. अनेक मंडळ्या नुसता द्राक्षाचा रस वापरतात, आणि कॅथलिक शिकवणीनुसार केवळ भाकर घेतली तरी पूर्ण ख्रिस्त मिळतो.

प्रश्न: माझा पुतण्या नव्या मंडळीत जायला लागला. लहानपणीचा स्नानसंस्कार ‘वाया गेला’ म्हणून पुन्हा पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेणार म्हणतो. तारण गेलं की बाप्तिस्मा पुन्हा घ्यावा लागतो का? — एक वाचिका, वसई

उत्तर: ज्या मंडळ्या तारण जातं असं मानतात त्यांतल्या बहुतेक बाप्तिस्मा पुन्हा देत नाहीत. पुतण्याच्या नव्या मंडळीचं म्हणणंही बहुधा वेगळंच असणार: पहिला बाप्तिस्मा वाया गेला असं नव्हे, तो झालाच नव्हता, कारण बाळाला स्वतःचा विश्वास नसतो. बॅप्टिस्ट, ब्रदरन, पेंटेकॉस्टल सगळे हेच म्हणतात. तिथे वाद बाळाच्या बाप्तिस्म्याचा आहे, तारण हरवण्याचा नाही. पुतण्याने दोन पतंगांचे मांजे एकत्र गुंतवले आहेत.

कॅथलिक शिकवणीत स्नानसंस्काराचा ठसा पुसता येत नाही. माणसाने विश्वास सोडला, घोर पाप केलं, तरी ठसा राहतो; म्हणून संस्कार दुसऱ्यांदा होत नाही. उत्तर आफ्रिकेत, बाहेरून आलेल्यांना पुन्हा बाप्तिस्मा देणाऱ्या डोनाटसच्या पंथाशी झालेल्या वादात संत ऑगस्टीनने हीच बाजू लढवली. परतीचा रस्ता म्हणजे प्रायश्चित्त संस्कार. जुने धर्मगुरू त्याला जहाज फुटल्यावर हाती लागलेली दुसरी फळी म्हणत, आणि ट्रेंटच्या परिषदेनेही हाच दाखला घेतला. सीएनआयमध्ये बाळाचा बाप्तिस्मा आणि मोठेपणीचा बाप्तिस्मा दोन्ही चालतात.

प्रश्न: मी कॅथलिक नर्स आहे. ड्यूटीच्या पाळीमुळे महिन्यातले दोन रविवार मिस्साबलिदान चुकतं. प्रत्येक वेळी मी कृपेतून पडते का? — एक वाचिका, मुंबई

उत्तर: नाही. रविवारचं मिस्साबलिदान जाणूनबुजून, कारण नसताना टाळणं हे गंभीर पाप आहे, पण आजारपण, तान्ह्या मुलाची देखभाल अशी कारणं धर्मशिक्षणग्रंथातच दिली आहेत. रुग्णसेवेची पाळी त्याच जातीची. शिवाय शनिवारी संध्याकाळचं मिस्साबलिदान रविवारचं म्हणून धरलं जातं. तेही जमत नसेल तर पॅरिशच्या फादरांशी एकदा बोलून ठेवा. या बंधनातून सूट द्यायचा अधिकार त्यांना आहे.

कृपा जायला तीन गोष्टी एकाच वेळी लागतात: बाब गंभीर असणं, ती गंभीर आहे हे पूर्ण ठाऊक असणं आणि मनापासून संमती. एक जरी नसली तर ते महापाप होत नाही. खरंच तसं काही घडलं असेल तर प्रायश्चित्त संस्कार घ्या (गोव्यात कोकणीत याला कुमसार म्हणतात). आधी विवेकाची झडती, मग पश्चात्ताप आणि पुन्हा न करण्याचा निश्चय, मग फादरांपुढे गंभीर पापांचा प्रकार आणि संख्या सांगणं, पापक्षमा, आणि नेमून दिलेलं प्रायश्चित्त पुरं करणं. चुकतं ते असं: लाजेपोटी एखादं गंभीर पाप मुद्दाम लपवलं तर सगळा संस्कार फोल ठरतो. खरोखर विसरलं असेल तर त्याचीही क्षमा झालेली असते, आठवल्यावर पुढच्या वेळी सांगावं. गंभीर पापांचं निवेदन वर्षातून निदान एकदा, असा नियम आहे. गंभीर पापाचं निवेदन होईपर्यंत पवित्र कम्युनियन घेऊ नये. फादर मिळतच नसतील आणि तसंच गंभीर कारण असेल, तर देवावरच्या प्रेमापोटी झालेला पूर्ण पश्चात्ताप आणि लवकरात लवकर पापनिवेदनाचा निश्चय चालतो.

थोडक्यात उत्तरं

मुक्तिफौजेचं मत? त्यांच्या अकरा सिद्धांतांपैकी नववा: तारणाच्या अवस्थेत राहणं हे ख्रिस्तावरच्या सतत आज्ञाधारक विश्वासावर अवलंबून आहे. वाशीम-बुलढाण्याकडच्या नाझरीन मंडळीचं सातवं कलमही याच सुरातलं, किंबहुना जास्त कडक: नवा जन्म आणि संपूर्ण पवित्रीकरण अनुभवलेला माणूसही पडू शकतो आणि पश्चात्ताप न केल्यास कायमचा नष्ट होऊ शकतो.

ऑर्थोडॉक्स काय म्हणतात? ‘तुझं तारण झालंय का’ हा प्रश्नच त्यांना परका. तारण म्हणजे आयुष्यभर देवाच्या जीवनात वाटेकरी होत जाणं.

क्षमा न होणारं पाप माझ्या हातून झालंय अशी भीती वाटते. मत्तय १२:३१-३२ मध्ये आत्म्याची निंदा म्हटली आहे, ती येशूची कामं डोळ्यांनी पाहून त्यांना सैतानाची म्हणणाऱ्यांबद्दल. ज्याला ही भीती वाटते त्याने ते पाप केलेलं नसतं, असं सगळ्याच मंडळ्यांचे पाळक सांगतात.

आत्महत्या केलेल्या भावाचं तारण गेलं का? १९१७च्या कॅथलिक कायद्यात अशा माणसाला धर्मविधीने दफन नाकारण्याची तरतूद होती. १९८३च्या कायद्यात ती नाही. तीव्र मानसिक त्रासाने जबाबदारी कमी होते आणि अशा माणसाच्या तारणाविषयी आशा सोडू नये, असं कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ सांगतो. रिफॉर्म्ड मताप्रमाणे एका शेवटच्या कृतीने देवाची पकड सुटत नाही. घरात आणखी कोणाच्या मनात असे विचार येत असतील तर आजच टेली-मानसला १४४१६ वर फोन करा.

प्रश्न: बँकेत सोनं ठेवतो तेही तारण आणि आत्म्याचं होतं तेही तारण. बायबलात हा व्यवहारातला अर्थ कुठे येतो का? — निवृत्त बँक कर्मचारी, कोल्हापूर

उत्तर: तारण या शब्दाच्या बाबतीत नाही, पण त्याच्या शेजारी येतो. इफिसकरांस पत्राच्या १:१४ मध्ये पवित्र आत्म्याला आपल्या वतनाचा ‘विसार’ म्हटलं आहे. ग्रीक शब्द ‘अर्राबोन’, मूळचा सेमिटिक व्यापाऱ्यांचा. त्याचंच हिब्रू रूप उत्पत्तीच्या ३८व्या अध्यायात आहे. तिथे यहूदा तामारेला करडू पाठवेपर्यंत आपली मुद्रा, गोफ आणि काठी देऊन ठेवतो. म्हणजे तिथे अर्थ तुमच्या बँकेतल्या तारणाचा आणि पौलाकडे विसारपावतीचा.

‘जात नाही’ म्हणणारे याच शब्दावर उभे राहतात. व्यवहारात विसार देणारा फिरला तर त्याचा विसार बुडतो. इथे विसार देणारा देव आहे आणि तो आपला आत्मा बुडू देणार नाही. समोरची बाजू त्याच पत्राचं ४:३० वाचते, जिथे या आत्म्याला दुःख देऊ नका असं विसार घेणाऱ्यांना बजावलं आहे, आणि विचारते: घेणाऱ्यानेच विसार परत केला तर? बँकेत तुम्ही असे व्यवहार मोडलेले पाहिले असतील. पौलाने त्या कलमावर काही लिहिलेलं नाही.